देश सुटला, राजकारण सुटेना : परदेशस्थ आणि त्यांचा मायदेश यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘परदेशस्थ’ म्हणजे नेमके कोण?

शिकायला गेलेला विद्यार्थी, तीन वर्षांच्या करारावर गेलेला गवंडी, नागरिकत्व बदलून चाळीस वर्षं झालेली डॉक्टर, जिवाच्या भीतीने रातोरात निघालेला पत्रकार आणि बाहेरच जन्मलेली त्याची मुलगी या सगळ्यांना आपण एकच शब्द लावतो. निम्मे गैरसमज तिथेच सुरू होतात. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जन्मदेशाबाहेर राहणारे लोक सुमारे ३० कोटी ४० लाख होते. एवढ्या लोकांचं मायदेशाबद्दल एक मत कसं असणार?

पोटासाठी गेलेल्याला आपण स्थलांतरित म्हणतो आणि राज्यकर्त्यांच्या धाकाने गेलेल्याला परागंदा. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल. पहिल्याला परत जाता येतं, तरी तो जात नाही. दुसऱ्याला जायचं असतं, पण जाता येत नाही. दोघांच्या बोलण्यात मायदेश येतो, पण सूर वेगळा असतो.

देश सोडला ना? मग तिथल्या राजकारणाची एवढी उठाठेव कशाला?

सरळ उत्तर म्हणजे आईवडील तिथे आहेत, घर किंवा जमीन तिथे आहे, पैसे तिथे जातात. हे खरं आहे, पण पुरेसं नाही. कारण ज्यांचं तिथे काहीच उरलेलं नाही, तेही रात्री दोन वाजता उठून मायदेशाचे निकाल बघत बसतात.

मला पटलेलं उत्तर असं की नव्या देशात माणसाला जी जागा मिळते, तिच्यावर मायदेशाकडे बघण्याची त्याची नजर ठरते. मान मिळाला तर एक नजर, अपमान झाला तर दुसरी. म्हणून परदेशस्थाचं मायदेशाबद्दलचं मत ऐकताना ते मायदेशाबद्दल काय सांगतं एवढंच बघू नका. त्याचं तिथे कसं चाललंय हेही त्यातून कळतं, आणि बरेचदा तेच जास्त कळतं.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण आपल्याच इतिहासातलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर राबायला गेलेले पंजाबी शेतकरी काही क्रांती करायला गेले नव्हते. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ब्रिटिश फौजेत चाकरी केली होती आणि साम्राज्याच्या मिठाला ते जागत होते. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावाने हिंदी मजुरांना मारहाण करून हाकलून लावलं. साम्राज्याचे प्रजाजन म्हणून ब्रिटिश सरकार पाठीशी उभं राहील असं ज्यांना वाटत होतं, त्यांना कोणी वाली नाही हे दिसलं. आपला देश गुलाम आहे म्हणून जगात आपली ही किंमत, हा धडा त्यांना घरी नाही, तिथे मिळाला. १९१३ मध्ये ब्रिटिशांविरुद्ध सशस्त्र लढ्यासाठी गदर पक्ष उभा राहिला तो या धड्यावर.

त्यांच्या डोक्यातला मायदेश ते निघाले त्या दिवशीच थिजतो, असं म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं. एकेकाळी पत्र पोचायला महिना लागायचा, तेव्हा हे बरंचसं खरं होतं. १९५९ नंतर क्युबातून मायामीला गेलेल्यांच्या पहिल्या लाटेच्या मनातलं हवाना क्रांतीच्या आदल्या दिवसाचं राहिलं, आणि पुढच्या लाटांतून आलेल्यांशी त्यांचं अनेक बाबतींत पटेना, कारण नंतर आलेल्यांनी पाहिलेला क्युबा वेगळाच होता.

आता फोनवर क्षणाक्षणाची बातमी येते, त्यामुळे चित्र थिजत नाही. उलट ते फार तापलेलं असतं. देशात राहणाऱ्याच्या दिवसात राजकारण थोडं असतं. बाकी दिवस पाण्याचा नळ, मुलाची परीक्षा, शेजाऱ्याची गाडी यांत जातो. विरोधी पक्षाचा कट्टर समर्थक त्याच्याच इमारतीत राहतो आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला तोच येतो. परदेशस्थाला हा शेजारी भेटत नाही, त्याला फक्त बातमी भेटते, तीही आधीच निवडलेली. त्याचा मायदेश म्हणजे संकटं आणि विजय यांची अखंड मालिका. मधला कंटाळवाणा भाग, ज्यात देश खरा जगत असतो, तो गाळलेला. दुरून डोंगर साजरे दिसतात तसे दुरून पेटलेलेही दिसतात.

बाहेर गेलेले लोक देशातल्यांपेक्षा जास्त कडवे होतात, हे खरं का?

दोन शेजारी देश बघा, दोन्ही युरोपच्या पूर्वेकडचे.

मोल्दोव्हात ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या दिशेने जायचं की नाही यावर सार्वमत झालं. होकार मिळाला तो जेमतेम ५०.३५ टक्क्यांनी. देशाच्या हद्दीत पडलेली मतंच मोजली असती तर प्रस्ताव पडला असता. नोव्हेंबरमधल्या अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीतही तेच झालं. देशात युरोपवादी अध्यक्ष माया सांदू थोडक्यात मागे होत्या, पण परदेशातल्या मोल्दोव्हन मतदारांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी त्यांना मत दिलं आणि त्या जिंकल्या.

आता शेजारचा रोमेनिया. २०१४ मध्ये पॅरिस-लंडनच्या मतदान केंद्रांबाहेर रोमेनियन लोकांच्या लांबच लांब रांगा लागल्या होत्या, अनेकांना मत न देताच परतावं लागलं. त्या संतापाचा फायदा तेव्हा सत्ताधाऱ्यांविरुद्ध उभ्या असलेल्या क्लाउस योहानिस यांना झाला, ते अध्यक्ष झाले. परदेशातला रोमेनियन म्हणजे सुधारणावादी अशी त्यामुळे समजूत झाली. अकरा वर्षांनी, मे २०२५ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या पहिल्या फेरीत, परदेशातल्या मतांपैकी सुमारे ६० टक्के मतं कडव्या राष्ट्रवादी जॉर्ज सिमियन यांना पडली. देशाने शेवटी मध्यममार्गी निकुशोर दान यांना निवडलं. एकाच देशाचे परदेशस्थ दशकभरात एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेले. मधल्या काळात रोमेनियाचं जे झालं ते झालं, पण इटली-स्पेनच्या शेतांवर आणि गोदामांत खपणाऱ्या या लोकांना दोन्हीकडे कोणी मोजत नव्हतं, हेही त्यात आहे.

तुर्कस्तानचं तर आणखी बोलकं आहे. २८ मे २०२३ ची अध्यक्षपदाची दुसरी फेरी, उमेदवार तेच दोन. जर्मनीतल्या तुर्की मतदारांपैकी सुमारे ६७ टक्क्यांनी सत्ताधारी एर्दोआन यांना मत दिलं, अमेरिकेतल्या सुमारे ८० टक्क्यांनी विरोधी उमेदवार किलिचदारोलू यांना. समुद्र ओलांडला की मत बदलतं असं नाही. जर्मनीशी १९६१ मध्ये मजूरभरतीचा करार झाला आणि अनातोलियाच्या गावांतून कामगार तिकडे गेले. अमेरिकेत गेले ते बरेचसे विद्यापीठांतून, व्यवसायांतून. कोण गेलं, कधी गेलं आणि तिथे त्याला कुठे बसवलं, हे तीन प्रश्न विचारले की मतांचा निम्मा उलगडा होतो.

तोच माणूस तिकडे अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी मत देतो आणि मायदेशात बहुसंख्याकवादाला टाळ्या वाजवतो. हे ढोंग नाही का?

ढोंग म्हणून सोडून देणं सोपं आहे, आणि थोडं ढोंग आहेही. पण जगभर इतक्या समाजांत हे दिसतं की त्यामागचं गणित समजून घ्यायला हवं. जर्मनीत वर्षानुवर्षं सोशल डेमोक्रॅट पक्षाला मत देणारे तुर्की वंशाचे कितीतरी मतदार तुर्कस्तानच्या निवडणुकीत परंपरावादी पक्षाला मत देत आले. भारतीय वंशाच्या अमेरिकनांची २०२० ची कार्नेगी संस्थेची पाहणी घ्या. तिच्यात नोंदणीकृत मतदारांपैकी ७२ टक्के बायडेन यांना मत देणार होते, आणि त्याच पाहणीतल्या साधारण निम्म्या लोकांना भारताच्या पंतप्रधानांचं काम पसंत होतं. अमेरिकेच्या प्रश्नांवर हे लोक जेवढे उदार होते तेवढे भारताच्या प्रश्नांवर नव्हते, असं पाहणी करणाऱ्यांनीच नोंदवलं.

तिकडे आपण कमी संख्येने आहोत, म्हणून कमी संख्येच्या माणसाला जपणारा पक्ष हवा. इकडे आपण जास्त संख्येने होतो, म्हणून तो प्रश्न कधी अंगावर आलाच नाही. माणूस दोन्हीकडे आपल्याच बाजूने मत देतोय, त्यात विसंगती दिसते ती तत्त्व शोधणाऱ्याला. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण इथे गंमत अशी की एकदा जळूनही दुसऱ्याचं जळणं कळतंच असं नाही. मात्र काहींना कळतं. परदेशात पहिल्यांदा ‘तुम्ही लोक’ हा शब्द ऐकल्यावर, घरी आपण तो कोणासाठी वापरायचो हे आठवून शरमलेली माणसंही भेटतात. ती फारशी बोलत नाहीत, म्हणून दिसत नाहीत.

परदेशस्थांनी इतिहासात खरोखर काही घडवलं आहे, की नुसत्या सभा आणि ठराव?

देशच्या देश घडवले आहेत. चेक आणि स्लोवाक मिळून एक राज्य करायचं, हा करार मे १९१८ मध्ये झाला तो प्राग किंवा ब्रातिस्लाव्हात नाही, अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये. तिथे पोलाद गिरण्यांत काम करणाऱ्या स्थलांतरितांच्या संघटना आणि चेक नेते टोमाश मासारिक यांनी तो केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात चेकोस्लोव्हाकिया जन्माला आला. चिनी क्रांतीचे नेते सुन यत्-सेन यांनी आपली पहिली क्रांतिकारी संघटना १८९४ मध्ये होनोलुलूत काढली. ऑक्टोबर १९११ मध्ये वुचांगला उठाव झाला आणि चीनची राजेशाही कोसळायला लागली, तेव्हा ते निधी गोळा करत अमेरिकेत फिरत होते, आणि बातमी त्यांना डेन्व्हरमध्ये वर्तमानपत्रातून कळली. आयर्लंडच्या १९१६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात तर ‘अमेरिकेतल्या परागंदा लेकरांचा’ आधार असल्याचं लिहूनच टाकलं आहे.

आता फसलेला प्रयत्न. १९१४-१५ मध्ये गदरचे हजारो लोक जहाजांनी हिंदुस्थानात परतले. पंजाब पेटायला तयार आहे, ठिणगीच कमी आहे, अशी त्यांची खात्री होती. प्रत्यक्षात पहिलं महायुद्ध सुरू होतं, गावागावांतून फौजेत भरती चालली होती, आणि बऱ्याच गावकऱ्यांनी यांना थारा दिला नाही. फेब्रुवारी १९१५ चा उठाव फितुरीने फुटला. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे आणि अवघ्या १९ वर्षांचा कर्तारसिंग सराभा यांना नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात फाशी झाली. गदरच्या उभारणीत असलेले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे वाचले, पण परागंदाच राहिले. पुढे मेक्सिकोत त्यांनी शेतीशास्त्रात नाव कमावलं. यांच्या धैर्याबद्दल कोणी शंका घेणार नाही. चूक होती ती आपल्या मनातला ताप सगळ्या देशाचा मानण्याची. ही चूक त्यांच्यानंतरही अनेकांनी केली, आणि त्यांतल्या फार थोड्यांनी स्वतः फासावर जाऊन तिची किंमत चुकवली.

परागंदा नेत्यांच्या माहितीवर विश्वास ठेवावा का?

इटलीचा राजकीय विचारवंत मॅकियाव्हेली याने पाचशे वर्षांपूर्वीच नको म्हणून ठेवलं आहे. घरी परतायची ओढ इतकी तीव्र असते की हे लोक खोट्यावर स्वतःच विश्वास ठेवतात, आणि वर मुद्दाम थोडं आणखी जोडतात, असं त्याचं म्हणणं. तो स्वतः फ्लॉरेन्सच्या सत्तेतून हाकलला गेला होता, तेव्हा अनुभवाचे बोल.

अलीकडचा दाखला इराकचा. अहमद चलबी हे बालपणी देश सोडून गेलेले नेते. २००३ च्या युद्धाआधी त्यांच्या गटाने अमेरिकेला पुरवलेली काही माहिती पुढे खोटी ठरली. २००५ च्या डिसेंबरात त्यांच्या पक्षाला इराकी मतदारांनी एकही जागा दिली नाही. मात्र याची दुसरी बाजू अशी की ज्या देशात वर्तमानपत्रं बंद आहेत आणि तोंड उघडलं की तुरुंग, तिथली खरी बातमी बाहेर येते ती बहुतेकदा परागंदांकडूनच. ‘काय घडलं’ यावर त्यांचं ऐका. ‘आता लोक काय करतील’ यावर त्यांचं ऐकताना मात्र सावध राहा.

परदेशस्थांना मायदेशात मताचा हक्क असावा का?

देशादेशांची उत्तरं इतकी वेगळी आहेत की यात नैसर्गिक न्याय वगैरे काही नाही, हे लगेच लक्षात येतं.

फ्रान्सने २०१२ पासून परदेशातल्या फ्रेंच नागरिकांना लोकसभेत स्वतःचे ११ मतदारसंघ दिले आहेत. सारं जगच त्यांनी वाटून टाकलं. इटलीने २००६ मध्ये पहिल्यांदा परदेशस्थांना १२ खासदार आणि ६ सिनेटर निवडू दिले. ही व्यवस्था उजव्यांच्या आग्रहाने आली होती, आणि पहिल्याच निवडणुकीत त्या ६ पैकी ४ जागा डाव्या आघाडीला गेल्या. त्यावरच त्या आघाडीचे नेते प्रोदी यांचं सिनेटमधलं काठावरचं बहुमत उभं राहिलं. मतदार नावाचा प्राणी बाहेर राहिला तरी हिशेबात बसत नाही. ब्रिटनमध्ये देश सोडून पंधरा वर्षं झाली की मत जायचं. जानेवारी २०२४ पासून ती अट गेली. केप व्हर्देच्या संसदेत ७२ पैकी ६ जागा परदेशस्थांच्या आहेत. इस्रायलमध्ये राजनैतिक कर्मचारी आणि असेच काही मोजके सोडले तर बाहेरून मत नाही.

आयर्लंड तर एवढा मोठा स्थलांतरितांचा देश, पण साध्या नागरिकाला बाहेरून मत देता येत नाही, आणि अठरा महिन्यांत परतायचा विचार नसेल तर हक्कच उरत नाही. म्हणून २०१५ मध्ये समलिंगी विवाहाच्या आणि २०१८ मध्ये गर्भपाताच्या सार्वमताला तरुण आयरिश मुलं-मुली विमानांनी, बोटींनी घरी आली. डब्लिनच्या विमानतळावर त्यांचं स्वागत करायला लोक उभे होते. दूतावासातल्या पेटीत चिठ्ठी टाकणं आणि पदरमोड करून एका मतासाठी घरी येणं, यांत फरक आहे. पण विमानाचं तिकीट परवडणाऱ्यालाच मत हा काही न्याय नाही, हेही तितकंच खरं.

विरोधकांचा मुख्य मुद्दा असा की ज्याला त्या कायद्याखाली जगायचं नाही, त्याने तो का ठरवावा? बेनेडिक्ट अँडरसन या अभ्यासकाने १९९२ मध्ये ‘दूरस्थ राष्ट्रवाद’ हा शब्द वापरला तो याच अर्थाने. निधी द्यायचा, घोषणा द्यायच्या, पण जबाबदारी कसलीच नाही. कर तिकडे, तुरुंग तिकडे, मुलांची शाळाही तिकडे. मुद्दा जबर आहे. पण तो सरसकट लावला तर नेपाळसारख्या देशाचं काय करायचं? तिथे परदेशातून येणारा पैसा देशाच्या उत्पन्नाच्या साधारण चौथा हिस्सा आहे आणि असंख्य घरांतून कोणी ना कोणी बाहेर गेलेलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बाहेरच्या नागरिकांच्या मतदानाची सोय करा असं सांगितलं. आखातात दोन वर्षांच्या करारावर गेलेला मजूर उद्या त्याच कायद्याखाली परतणार आहे. माझ्या मते कसोटी अंतराची नको, परतण्याची हवी. जो परतणार, त्याला मत. तीन पिढ्यांपूर्वी पणजोबा निघाले म्हणून पासपोर्ट मिळालेल्याला नको.

आणि भारताचं?

भारतीय पासपोर्ट शाबूत असेल तर २०१० च्या दुरुस्तीनंतर फॉर्म ६-अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येतं. मत मात्र तिथे जाऊन, मूळ पासपोर्ट दाखवूनच द्यावं लागतं. टपाली किंवा वकिलातीतल्या मतदानाची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. परिणाम आकड्यांत दिसतो. परदेशात सुमारे दीड कोटी भारतीय नागरिक, २०२४ च्या लोकसभेसाठी नोंदणी सुमारे १ लाख १९ हजारांची, आणि प्रत्यक्ष मत दिलेले तीन हजारांच्याही आत. त्यांतले बहुतेक केरळचे.

भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय (‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’) कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे, नाव काहीही असो. मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, घटनात्मक पद मिळत नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की घटनेच्या कलम ९ चं तत्त्व लागू होतं आणि भारताचं नागरिकत्व जातं.

आम्ही पैसे पाठवतो. मग बोलायचा हक्क नाही का?

भारतात २०२४ मध्ये परदेशातून सुमारे १२९ अब्ज डॉलर आले, असा जागतिक बँकेचा अंदाज आहे. आकडा प्रचंड आहे, पण तो पैसा बहुतेक आपल्याच घरच्यांना जातो. आईच्या औषधाचे पैसे पाठवले म्हणून देशावर उपकार होत नाहीत, आईवरही होत नाहीत.

काही ठिकाणी पैसा आणि आवाज यांची सांगड रीतसर घातली गेली. मेक्सिकोत परदेशस्थांच्या ग्राममंडळाने रस्त्यासाठी किंवा शाळेसाठी एक पेसो दिला की केंद्र, राज्य आणि नगरपालिका प्रत्येकी एक पेसो घालायचे. मग कोणता रस्ता आधी, यावर बाहेरच्यांचा शब्द चालायचा आणि गावात राहणारे कुरकुरायचे. उलटं टोक म्हणजे इरिट्रिया. बाहेर राहणाऱ्यांकडून उत्पन्नाच्या २ टक्के कर घेतला जातो आणि तो भरला नाही तर दूतावासातली साधी कागदपत्रंही अडतात. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०११ मध्ये या कराच्या वापरावर आणि वसुलीतल्या दांडगाईवर ठपका ठेवला. इथे पैसे देऊनही बोलायची सोय नाही.

परदेशात गेल्यावर ओळख बदलते, की होती तीच घट्ट होते?

दोन्ही, आणि बरेचदा नवीच तयार होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कला उतरलेला सिसिलीचा शेतकरी स्वतःला इटालियन म्हणत नव्हता. त्याचा देश म्हणजे त्याचं गाव, फार तर बेट. इटली एक होऊन तेव्हा काही दशकंच झाली होती. त्याला इटालियन केलं ते अमेरिकेने, बंदरावरच्या नोंदवहीने आणि शेजारच्या शिव्यांनी.

जुनी ओळख मात्र सामानातून सोबत येते. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत शिकत असताना लिहून गेले की हिंदू जगात इतरत्र जाऊन वसले तर जात हा जागतिक प्रश्न होईल. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. आंबेडकरांनी केतकरांचं हे वाक्य उद्धृत केलं. दोन मराठी विद्यार्थी, दोघेही परदेशात, दोघांची सामाजिक जागा पूर्णपणे वेगळी, आणि दोघांना दिसलेलं संकट एकच. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेलं तसंच विधेयक राज्यपालांनी ऑक्टोबरात परत पाठवलं. बाजूने आणि विरोधात, दोन्हीकडे भारतीय वंशाच्याच संघटना होत्या.

मुलांना मायदेशाशी काही घेणंदेणं राहील का?

मार्कस हॅन्सन या इतिहासकाराने १९३८ मध्ये एक निरीक्षण मांडलं. मुलगा जे विसरू पाहतो, ते नातू आठवू पाहतो. नियम म्हणून ते टिकलेलं नाही, पण अनेक घरांत जुळतं. नातवाची आठवण मात्र निवडक असते. त्याला देश वारसा म्हणून हवा असतो. तिथल्या मोर्चात उभं राहायची वेळ त्याच्यावर येत नाही.

काही लोक मायदेशाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. बेपर्वाई म्हणायची का ही?

घाईने तसं म्हणू नका. २०२१ च्या मे महिन्यात बेलारूसने आपल्या हद्दीवरून जाणारं प्रवासी विमान उतरवून एका विरोधी पत्रकाराला ताब्यात घेतलं. २०२३ च्या सप्टेंबरात त्याच सरकारने दूतावासांतून पासपोर्ट देणं थांबवलं. नवा हवा तर घरी या, म्हणजे आमच्या हाती. एवढं टोक नसलं तरी व्हिसा, कार्ड, गावाकडचे भाऊ-बहीण अशा पुष्कळ गोष्टी सरकारच्या हातात असतात. भारताच्या मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआयधारकाला भारतात पत्रकारिता किंवा संशोधन करायचं असेल तर खास परवानगी लागते. ज्याला दरवर्षी म्हाताऱ्या आईला भेटायला जायचं आहे, तो तोंड उघडण्यापूर्वी दोनदा विचार करणारच. जे मोठ्याने बोलतात ते सगळ्यांचे प्रतिनिधी नसतात, याचं हेही एक कारण.

शहाणी माणसं निघून गेली म्हणून देशाचं राजकारण नासतं का?

कधी कधी राज्यकर्त्यांना तेच हवं असतं. १९८० मध्ये क्युबाने मारिएल बंदर उघडलं आणि काही महिन्यांत सुमारे सव्वा लाख लोक निघून गेले. वाफ निघाली, भांडं फुटलं नाही. पण १९८९ मध्ये पूर्व जर्मनीतून हंगेरीमार्गे लोक निघायला लागले, तेव्हा मागे राहिलेले ‘आम्ही इथेच राहणार’ म्हणत लाइपझिगच्या रस्त्यांवर उतरले, आणि भिंत पडली. जाणं आणि ओरडणं कधी एकमेकांना मारतं, कधी तारतं.

घरच्या ग्रुपवर हा वाद रोज पेटतो. ‘तुम्ही गेलात ना, मग गप्प बसा’ याला काय उत्तर द्यायचं?

उत्तर देऊ नका, एक प्रश्न विचारा: गेल्या महिन्यात तुमच्या वॉर्डात काय झालं? बातमीत न येणारं काहीतरी ऐकायला मिळेल आणि तुमचं मत थोडं हलेल किंवा पक्कं होईल. घरी असलेल्यांसाठीही एक प्रश्न आहे: तिकडे तुला कसं वागवतात? मुलगा मायदेशाच्या गौरवाबद्दल तीन-तीन परिच्छेद का पाठवतो, ते त्याच्या ऑफिसातल्या एखाद्या प्रसंगातून कळून जाईल.

परत येऊन राजकारणात पडायचं आहे. जमतं का?

बाल्टिक देशांत तर भलतंच जमलं. शिकागोत अमेरिकेच्या पर्यावरण खात्यात कारकीर्द केलेले वाल्दास अदामकुस १९९८ मध्ये लिथुआनियाचे अध्यक्ष झाले. माँट्रियलला प्राध्यापकी केलेल्या वायरा विके-फ्रायबर्गा १९९९ मध्ये लाटव्हियाच्या, आणि स्टॉकहोममध्ये जन्मून अमेरिकेत वाढलेले तोमास हेन्ड्रिक इल्वेस २००६ मध्ये एस्टोनियाचे. पण त्याच लिथुआनियात मे २०२४ मध्ये दुहेरी नागरिकत्वाच्या सार्वमतात बहुसंख्य मतं बाजूने पडूनही, एकूण नोंदणीकृत मतदारांच्या निम्म्यांचा पाठिंबा हवा या अटीमुळे प्रस्ताव पडला. परतलेल्याला अध्यक्ष करतील, न परतणाऱ्याला पासपोर्ट देताना आखडतील.

सुरुवात कुठून करायची, याचा सल्ला गोपाळ कृष्ण गोखल्यांनी देऊन ठेवला आहे. २१ वर्षं दक्षिण आफ्रिकेत काढून गांधीजी जानेवारी १९१५ मध्ये परतले, तेव्हा गोखल्यांनी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की वर्षभर देश बघायचा, सार्वजनिक प्रश्नांवर बोलायचं नाही. गांधीजी तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून फिरले आणि शब्द पाळला. वर्ष उलटल्यावर, फेब्रुवारी १९१६ मध्ये, बनारसला हिंदू विद्यापीठाच्या समारंभात ते बोलले ते असं, की ॲनी बेझंट यांनी मध्येच थांबा म्हटलं आणि दागिन्यांनी मढलेले राजेमहाराजे उठून गेले. गोखले ते ऐकायला नव्हते. ते वर्षभर आधीच गेले होते.